माझा सांबार तुझ्या प्लेटमध्ये

शालू, मी नाल्याचं पाणी मोटर लावून सांबाराला दिलं होतं आणि तोच सांबार संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून अख्ख्या गल्लीला वाटला होता. आता लिहूनच टाकते. तू असतीस तर मधेच तोंड घातलं असतंस, "वहिनी, नीट सांगा, पालकही होता." हो बाई, पालकही होता. आणि सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हेही लिहायला हवं. तुझ्या केतकीची पुण्याची मैत्रीण आपल्याकडे जेवायला आली होती तेव्हा सांबारवडी म्हटल्यावर ताटात इडली शोधत होती, आठवतं ना?

तेव्हा मी जेमतेम साठीची पोर होते. अक्कल यायचं वय झालं नव्हतं. प्रताप नगरचं भाड्याचं घर सोडून आम्ही हुडकेश्वरला स्वतःचं घर बांधलं आणि बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर माझा डोळा गेला. प्लॉटचा मालक कुठं परगावी. मागून नाला वाहतो. बोअरचं पाणी दिवाळीनंतर खोल जायचं, पण नाला बारमाही. एवढी सोय देवानं घराच्या मागे आणून ठेवलेली पाहून मी तुझ्या दादांच्या मागे लागले आणि एक छोटी मोटर बसवून घेतली. पाणी काळं होतं. मी म्हटलं, काळी माती पण काळीच असते. वास यायचा. म्हटलं, खताला वास येतोच. मोटर सुरू झाली की तुझे दादा नाकाला रुमाल लावून वर्तमानपत्र घेऊन समोरच्या खोलीत जायचे. त्या माणसानं लग्नानंतर मला कधी नाही म्हटलं नाही, हाच त्याचा मोठा दोष.

आणि उगवलं काय सांगू! पालकाची पानं पंख्यासारखी. सांबार असा गर्द की चिरताना बोटं हिरवी व्हायची. गल्लीतल्या बाया फाटकाशी उभ्या राहून विचारायच्या, "काकू, काय टाकता हो?" मी गूढ हसायची. हसायला येत होतं कारण उत्तर मागे वाहत होतं.

त्या संक्रांतीला सगळ्या बाया वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, साबणाच्या पेट्या वाटत होत्या. मला त्यांची जिरवायची होती. मी जाहीर केलं, मी जिवंत वाण देणार. सांबाराच्या जुड्या बांधल्या, प्रत्येकीला हिरव्या दोऱ्यानं, वर हळदीकुंकवाचं बोट. बाया खूश. तूही आली होतीस, मोरपंखी साडी नेसून. तू जुडी नाकाशी नेलीस आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "वहिनी, पाणी कोणतं देता?"

"देवाचं," मी म्हटलं.

"देव कुठून पाठवून राहिला?"

मी मागच्या दाराकडे हात केला. तू जुडी पिशवीत टाकलीस, तिळगूळ खाल्लास आणि गेलीस. मला वाटलं, नणंदबाईंना मत्सर झाला.

तू कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचीस, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचं शास्त्र. सासूबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या लोकांना सांगायच्या, आमची शालू दुधात काय पडलं ते पाहते. मलाही फार कळत होतं असं नाही, पण मी तुझ्यासमोर मान डोलवायची. मग एक दिवस तू फोन केलास, "वहिनी, कॉलेजात या. तुमचा सांबार माझ्या प्लेटमध्ये उगवला आहे."

मी इतकी मूर्ख की मला वाटलं, तू तिथं बी लावलंस. मी तर केसात गजरा माळून आले होते.

तू मला पांढरा कोट घालायला दिलास, साडीवर. हातमोजेही दिलेस, ते उलटे घातले म्हणून तुझ्या विद्यार्थिनी तोंड फिरवून हसल्या. मग तू झाकण लावलेल्या दोन काचेच्या थाळ्या माझ्यापुढे ठेवल्यास. आत घट्ट, पिवळसर काहीतरी. मी म्हटलं, चायना ग्रासचं पुडिंग दिसतं. तू म्हणालीस, "त्याच्याच भावकीतलं आहे. हात नोका लावू."

पहिल्या थाळीत सगळीकडे दुधावर येते तशी साय होती, आणि तिच्यावर कागदाच्या छोट्या पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या. प्रत्येक टिकलीभोवती साय नव्हती, स्वच्छ गोल होता. तू समजावलंस की टिकलीत औषध आहे, वेगवेगळ्या टिकलीत वेगवेगळं, डॉक्टर देतात तेच. साय म्हणजे जंतू. औषध जिथवर पोचलं तिथवर जंतू मेले, म्हणून गोल. हे साधे जंतू, प्रयोगशाळेत सांभाळलेले.

दुसरी थाळी माझ्या सांबाराची. तिथं साय टिकलीला चिकटून उगवली होती. एका टिकलीभोवती नखाएवढा गोल. बाकीच्या टिकल्या जणू कोणी गंमत म्हणून ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "औषध संपलं असन."

"औषध तेच आहे, वहिनी. जंतू बदलले आहेत. यायले ही औषधं आता चालत नाहीत."

"माझ्या सांबारानं काय बिघडवलं त्यायचं?"

"सांबारानं नाही. नाल्यानं. सांबार फक्त घरापर्यंत घेऊन आला."

मग तू मला जे सांगितलंस ते मी आजवर शंभर बायांना सांगितलं, पण तुझ्यासारखं कधीच जमलं नाही. तू म्हणालीस, वरच्या साऱ्या ले-आउटमधल्या घरांचे संडास या नाल्यात सुटतात, मलवाहिनी अजून पोचलीच नाही. छोट्या दवाखान्यांचं पाणी येतं, गोठ्यांचं येतं, कोंबड्यांच्या दुकानांचं येतं. माणसानं औषध घेतलं की सगळं अंगात मुरत नाही, बरंचसं लघवीतून बाहेर जातं. ते थोडं-थोडं औषध आणि ते लाखो जंतू त्या पाण्यात एकत्र राहतात. एवढ्याशा औषधानं कच्चे मरतात, पक्के उरतात. आणि उरलेले आपलं पक्केपण दुसऱ्याला देऊन टाकतात.

"देऊन टाकतात म्हणजे?"

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या डोळ्यांत ती चमक आली, मला डिवचायच्या आधी यायची ती. "तुमच्या हळदीकुंकवासारखं आहे, वहिनी. या घरची बाई त्या घरी जाते, वाण घेऊन येते. ती नात्यातली असली पाहिजे असं नाही, जातीची असली पाहिजे असं नाही. जी आली तिले मिळालं. मग ती आपल्या घरी जाऊन पुढं वाटते. नाल्यात रोज संक्रांत चालू आहे."

मी तुझ्यावर इतकी चिडले की कोट काढताना बटण तुटलं. माझ्या वाणाची तुलना जंतूंशी! मी निघताना तू दारात हळूच म्हणालीस, "जिवंत वाण देणार म्हणाल्या होत्या ना? जिवंत तर होतंच." मी होळीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही.

पण तू त्या दिवशी आणखी एक गोष्ट बोलली होतीस, आणि तीच माझ्या मनात रुतून बसली. मी विचारलं होतं, मग गल्लीतल्या सगळ्या आजारी पडणार का? तू म्हणालीस, नाही, बहुतेक कोणालाच काही होणार नाही. हे जंतू पोटात जातात आणि गुपचूप बसतात. महिने, कधी वर्षं. काही करत नाहीत. पुढं कधीतरी माणूस खंगला, ऑपरेशन झालं, मूत्राशयात नळी घातली, की ते नको त्या जागी पोचतात. मग डॉक्टर औषध देतात आणि औषध चालत नाही. आणि तेव्हा कोणालाही आठवत नाही की हे कुठून आलं.

मी तेव्हा वाद घातला होता. शिजवल्यावर मरतात ना? सांबारवडी तर तळलेली असते! तू म्हणालीस, वडी तळलेली. पोह्यावर काय टाकता? रविवारी सकाळी तर्रीपोह्यावर मूठभर कच्चा सांबार टाकायची मी, आणि तो संपूर्ण हिवाळा तू रविवारी आमच्याकडे पोहे खायला येत होतीस. "वहिनी, सांबार कंजुसी करून नोका टाकू," असं म्हणत ताटली पुढं करायचीस. प्रयोगशाळेतली एवढी हुशार बाई, आणि त्या मुठीआधी कधी विचारलं नाहीस पाणी कोणतं म्हणून.

रुसवा संपल्यावर मी मोटर काढली. आणि तुझ्या सांगण्यावरून, खरं म्हणजे तुझ्या धाकानं, ज्या क्रमानं वाण दिलं होतं त्याच क्रमानं घरोघर गेले. "तो सांबार नाल्याचा होता, बायांनो." कोपऱ्यावरची वर्षा हसत म्हणाली, "आता सांगून काय करता काकू, आमची संक्रांत तर पचून गेली." एकीनं दार लावून घेतलं. एकीनं चहा केला आणि विचारलं, पालकही का? माझी इज्जत पाण्यात गेली, तेही नाल्याच्या. घरी आल्यावर तुला फोन केला तर तू म्हणालीस, "छान केलं." इतकंच. बाकी कोणी शाबासकी दिली असती तर मी पाच मिनिटं भाषण ऐकवलं असतं. तुझ्या त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर जगले.

मग तू मला तुझी हमाल केलीस. ऋतू बदलला की नाल्याचे नमुने घ्यायला तू यायचीस. दोरीला बाटली बांधायची, पुलावरून खाली सोडायची, भरली की ओढायची. माझं काम पिशवी धरणं आणि रस्त्यावर लक्ष ठेवणं. एकदा सायकलवरचा एक म्हातारा थांबला. धोतर, टोपी, कॅरियरला दुधाची कॅन.

"काय टाकून राहिल्या वो माय?"

"टाकून नाही जी, काढून राहिलो," तू म्हणालीस. "पाणी."

"हे पाणी?" तो घाबरला. "कोणाले पाजता?"

तू गंभीरपणे समजावायला लागलीस, परीक्षण, जंतू, औषधं. त्याचं लक्ष दोरीकडे. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "लेकराची नजर उतरवून राहिल्या का?"

मी म्हटलं, "हो जी. पूर्ण हुडकेश्वरची."

त्यानं दोन्ही हात जोडले आणि पायडल मारत निघाला, मागं वळूनही पाहिलं नाही. तू इतकी हसलीस की दोरी सुटली आणि बाटली गेली वाहत. तुला नमुना पुन्हा घ्यावा लागला. मला तू रागवलीस, "तुमच्यामुळे शास्त्राचं नुकसान होते." पण त्यानंतर महिनाभर फोन उचलला की तू आधी म्हणायचीस, "उतरली का हुडकेश्वरची नजर?"

ही झाली हसायची गोष्ट. भांडायचीही एक होती, आणि ती अर्धी राहिली.

मलवाहिनीसाठी तू अर्ज केलेस, सह्या गोळा केल्यास. मला महापालिकेच्या झोनच्या ऑफिसात घेऊन गेलीस. आपण बाकावर बसलो, खिडकीतला माणूस म्हणाला, "मंजुरी आली का होते बाई." येताना मी म्हटलं, कायले तंगडतोड करून घेते? मी मोटर बंद केली, माझं झालं. साऱ्या शहराचा नाला, त्यात माझा काय संबंध? तू म्हणालीस, तुमच्या घरचा संडास कुठं जातो, वहिनी? मी म्हटलं, सगळ्यांचा जातो. "तेच म्हणून राहिली मी," तू म्हणालीस. मग मी आणखी चढले: आमच्या आजीनं नदीचं पाणी प्यायलं, ती नव्वदीपर्यंत जगली. तू विचारलंस, "तिची लेकरं किती जगली?" मी रिक्षातून उतरून पायी घरी आले. उन्हात. तुझी रिक्षा चौकापर्यंत माझ्या मागून हळूहळू येत होती, आणि तू आतून पाण्याची बाटली दाखवत होतीस.

हा वाद आपण कधी मिटवला नाही. दर वेळी माझं तेच: माझा काय संबंध. औषधाच्या दुकानातही तेच. घसा बसला की मी काउंटरवर जायची, "मागच्या वेळची ती लाल-पिवळी द्या," आणि तू मागून माझा हात धरायचीस. सर्दीला हे औषध लागत नाही, वहिनी. डॉक्टरांनी दिलं तर तेवढंच आणि तितकेच दिवस घ्यायचं. मी म्हणायची, एका बाईच्या गोळीनं जगाचं काय होते? तू दुकानदाराकडे पाहून मान हलवायचीस, जणू मी तुझी वाया गेलेली विद्यार्थिनी. दुकानदार मला चोरून हसायचा. तुझ्याइतकं कोणी मला लोकांसमोर लाजवलं नाही आणि तुझ्याइतकं कोणी माझ्यासाठी थांबलं नाही.

यंदा पावसाळा ओसरता ओसरता तुझा मुतखडा पुन्हा दुखायला लागला. तू म्हणालीस, जुनं दुखणं आहे. मग ताप. मग एक दिवस केतकीचा फोन, "मामी, आईले भरती केलं. इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणते."

दवाखान्यात तू उशाला टेकून बसली होतीस. चेहरा मेणासारखा, पण केस नीट विंचरलेले. डॉक्टर तरुण होता, तुला "मॅडम" म्हणत होता. औषध बदललं, पुन्हा बदललं. मग तुझ्या लघवीच्या, रक्ताच्या जंतूंचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर बाहेर केतकीशी बोलू लागला, तर तू आतून आवाज दिलास, "इकडे आणा. माझं आहे ते." तू तो रिपोर्ट वाचलास. वाचताना तुझ्या कपाळाला जी आठी पडली ती मी ओळखत होते, परीक्षेचे पेपर तपासताना पडायची तीच. मग कागद माझ्यापुढे धरलास.

"पाहा, वहिनी. तुमाले आता समजते."

तिथं टिकल्या नव्हत्या, ओळी होत्या. पण मला समजलं. प्रत्येक औषधापुढे, हे चालत नाही. हे चालत नाही. हे चालत नाही. खाली एकापुढे चालतं असं होतं, आणि डॉक्टर म्हणाला की ते औषध मूत्रपिंडालाच जड आहे, आणि तुझी मूत्रपिंडं आधीच थकलेली. तू त्याला म्हणालीस, "हो, माहीत आहे. सुरू करा." कॉलेजात प्रयोग सुरू करायला सांगायचीस त्याच सुरात.

शालू, त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. माझा सांबार. तो हिवाळा. त्या रविवारच्या मुठी. तू म्हणाली होतीस ना, वर्षानुवर्षं गुपचूप बसतात.

मी रोज हाच प्रश्न घेऊन येत होते. शेअर ऑटोत बसल्या-बसल्या वाक्य जुळवायची. शालू, माझ्यामुळे का गं? शालू, त्या पोह्यांचं तर नाही ना? आणि खोलीत शिरले की तोंडातून निघायचं, पडदा किती मळका आहे. किंवा, आज वरण बरं होतं का? एकदा मी तुझ्या समोर बसून दवाखान्याच्या वरणावर इतकं बोलले की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, तुम्ही स्वयंपाकाच्या मॅडम का? तू हसलीस, हसताना दुखलं, पोटाला हात लावलास. मला तेव्हाच विचारता आलं असतं. मी म्हटलं, "वरणात हिंग नव्हता."

तुला कळलं होतं का? मला वाटतं कळलं असेल. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीच तर तुला दिसायच्या. तरी तू काही म्हटलं नाहीस. मी विचारलं असतं तर तू खरं उत्तर दिलं असतंस, म्हणूनच मी विचारत नव्हते. आयुष्यभर तुझ्या तोंडावर माझा काय संबंध म्हणणारी मी, आणि आता तू "हो" म्हणशील याच भीतीनं माझी जीभ उचलेना.

शेवटच्या दिवशी मी आले तेव्हा तू डोळे मिटून होतीस. मी तुझा हात हातात घेतला. तू डोळे न उघडता विचारलंस, "वहिनी, हात धुतले का?"

"धुतले," मी म्हटलं. खोटं बोलले. मग उठून, बेसिनपर्यंत जाऊन, साबण लावून खरंच धुतले, आणि परत येऊन हात धरला. तू पुन्हा काही बोलली नाहीस. आपलं शेवटचं बोलणं हे. लोकांची शेवटची बोलणी किती सुंदर असतात म्हणे. मला मात्र हेच आवडलं. तुझं जीवन एवढ्या चार शब्दांत मावलं आणि त्यात माझी काळजीही होती, आणि माझ्यावरचा अविश्वासही, योग्य तितका.

तू गेल्यावर लोक माझ्याकडे येऊन सांगत होते, किती शिकलेली, किती विद्यार्थी घडवले. खरंय ते. पण मला त्या सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं की ती रिक्षातून पाण्याची बाटली दाखवायची. की साय बघायला शिकवून तिनं मला चाळिशीनं दिसलं नाही तेवढं दाखवलं. आता मी नळाखाली पालक धुते तेव्हा माझा हात आपोआप थांबतो आणि वाहत्या पाण्याकडे मी तुझ्या डोळ्यांनी बघते. तुझ्यामुळे जग जरा घाण झालं, शालू, आणि खूप खरं झालं. आभार मानायला गेले तर तू म्हणशील, वहिनी, तब्येत बरी आहे ना?

प्रश्न मात्र तसाच राहिला. तू गेलीस म्हणून तो गेला नाही. मी जेवताना तो ताटात, झोपताना उशाला. तुझे दादा असते तर त्यांनी 'तुझ्यामुळे नाही' म्हटलं असतं, पण मला कधीच न दुखावणाऱ्या माणसाच्या त्या नाहीवर माझा विश्वास बसला नसता.

तेरवी आटोपली. पाहुणे गेले. प्रताप नगरला तुझ्या स्वयंपाकघरात मी आणि केतकी दोघीच होतो, दुपारची वेळ, ती मोठी पातेली पुसत होती आणि मी ती पालथी घालत होते. तुझ्यासारखीच पुसते ती, आतून, बाहेरून, मग कडा. मी तिच्याकडे पाठ केली, कारण तोंडावर विचारायची हिंमत माझ्यात आजही नाही, आणि खिडकीला म्हटलं, "केतकी, तुझ्या आईले ते माझ्याच सांबारातून आलं असन का वं?"

मागून पातेल्याचा आवाज थांबला. मला वाटलं, रडते आहे. मग वाटलं, चिडली आहे. मी वळले तेव्हा दोन्हीपैकी काहीच नव्हतं. ओला कपडा खांद्यावर टाकून, तुझ्यासारखी कपाळाला आठी घालून ती माझ्याकडे पाहत होती. पुढचं मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तुला मी विचारू शकले नाही आणि मला हे तुझ्यापर्यंत पोचवायचं आहे. ती म्हणाली:

"मामी, ते कुठून आलं हे आईलेही सांगता आलं नसतं. मी लहान होती तेव्हा माझा ताप उतरला का उरलेल्या गोळ्या आई डब्यात ठेवायची, अन् पुढच्या तापाले त्याच द्यायची. कॉलेजात शिकवायची एक अन् घरी घाई असली का करायची दुसरं. मागच्या साली मुतखड्यासाठी नळी टाकली होती, तिथूनही आलं असन. अन् त्या नाल्यात तर साऱ्या गावाचं आहे, माझंही आहे. तुम्ही जन्मभर म्हटलं, माझा काय संबंध, अन् आता एकट्याच सारं उचलून घरी घेऊन चालल्या? ठेवा खाली. आमचाही वाटा आहे त्यात."